तुम्ही विचारलंत म्हणून: मी गाडी उलटी काऊन लावते

"काकू, तुम्ही गाडी उलटी काऊन लावता?" हा प्रश्न मला आमच्या नागपुरातल्या स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, महिन्यातून दोनदा तरी येतो. परवा तिसऱ्या माळ्यावर नवीन भाड्याने आलेल्या मुलानं लिफ्टमध्ये विचारला, त्याआधी दूधवाल्यानं विचारला होता, आणि माझ्या सख्ख्या भावानं तर "तू गाडी लावते तेवढ्यात माणूस बर्डीवर जाऊन येते" (बर्डी म्हणजे आमची बाजारपेठ) असं म्हणून विचारला, म्हणजे तो प्रश्न नव्हताच. लिफ्टमध्ये उत्तर कधी पूर्ण होत नाही, मी दुसऱ्या माळ्यावर उतरते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

उलटी म्हणजे रिव्हर्सनं आत, नाक बाहेर. तर असं बघा, रिव्हर्स एकदा मारावाच लागतो. येताना मारा नाहीतर जाताना मारा, सुटका नाही. मी येताना मारते कारण तेव्हा मागे काय आहे ते मला ठाऊक असतं, आत्ताच त्या रिकाम्या जागेसमोरून गाडी पुढे नेलेली असते, खांब कुठे, नळाचा पाइप कुठे, कोणी सायकल टेकवून ठेवलीय का, सगळं डोळ्यांखालून गेलेलं असतं. जाताना तसं नसतं. गाडी रात्रभर उभी, मधल्या दहा तासांत तिच्यामागे कोण येऊन बसलं, कुत्रं झोपलंय की गाड्या पुसणारा बादली घेऊन उकिडवा बसलाय, काही पत्ता नाही, आणि वर सकाळची घाई, डबा विसरला का, चष्मा कुठंय, फोन वाजून राहिला.

हे शहाणपण मला जन्मापासून होतं असं नाही. 2013 पर्यंत मीपण सगळ्यांसारखी नाक भिंतीला लावून मोकळी व्हायचे. मग त्या वर्षीचा तान्हा पोळा आला. बाहेरगावच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात, त्या बैलाला पायाखाली चाकं असतात आणि पुढे दोरी, आणि प्रत्येक घरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे पैसे, खाऊ, जे काय असेल ते. संध्याकाळची वेळ, मला आईकडे महाल भागात जायचं होतं, गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, आमच्याच स्कीममधला एक सहा-सात वर्षांचा पोरगा गाडीच्या मागून इकडून तिकडे गेला. पोरगा गेला म्हणून मी क्लच सोडला. बैल यायचा होता. दोरी चांगली चार फूट लांब, पोरगा पुढे निघून गेला तरी बैल अजून माझ्या बंपरमागेच रखडत होता, आणि त्याची उंची ती केवढी, गुडघ्याएवढीपण नाही.

कडाक असा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. ब्रेक मारला, उतरले, तर एक चाक आणि एक शिंग मोडलेलं, झूल टायरखाली, आणि पोरगा दोरीचं दुसरं टोक हातात धरून खांबापाशी उभा, रडत नव्हता, नुसता माझ्याकडे पाहत होता. मी सुताराकडून शिंग बसवून आणलं, चाकही लावलं, बोजारा डबल दिला, त्याची आई म्हणाली जाऊ द्या ना मॅडम, लाकडाचा तर होता. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण पोरं काही नेहमी बैलाच्या पुढेच चालत नाहीत, कधी दोरी सोडून बैल उचलायला मागे वळतात.

दुसऱ्या दिवसापासून गाडी उलटी.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की काकू तेव्हा सेन्सर नव्हते. बरोबर आहे, 1 जुलै 2019 पासून आपल्याकडे नवीन कारला मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, माझ्या आत्ताच्या गाडीला आहेत, आणि चांगलेच आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ते बंपरच्या उंचीवर बसवलेले असतात आणि आवाजाची लहर सोडून ती परत आली की टूं टूं करतात, भिंत ओळखतात, शेजारची गाडी ओळखतात, पण जमिनीलगतचं ठेंगणं किंवा काठीसारखं बारीक काही असलं की कधी ओळखतात, कधी नाही. कॅमेऱ्याचं म्हणाल तर पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवरून घरी येईपर्यंत त्याच्या काचेवर एवढा चिखल बसतो की स्क्रीनवर सगळं धुकंच दिसतं. आणि सगळे सेन्सर व्यवस्थित असले तरी ते मागचंच सांगतात ना, आडवी येणारी ॲक्टिव्हा त्यांच्या टप्प्यात येईपर्यंत ती तुमच्या डिक्कीला टेकलेली असते.

खरा फरक काचेचा आहे. माझ्यासारख्या छोट्या हॅचबॅकमध्ये ड्रायव्हर साधारण गाडीच्या मध्यावरच बसतो, तेव्हा नाक बाहेर काढा की शेपूट, शेजारच्या गाड्यांच्या आडून डोळे बाहेर यायला अंतर जवळजवळ सारखंच लागतं, डिक्कीवाल्या लांब गाडीत मात्र शेपटीकडून बरंच जास्त. पण पुढे केवढी मोठी काच, बॉनेट खाली, शिवाय तुम्ही स्टिअरिंगवर वाकून डोकं फूटभर पुढे नेऊ शकता. मागे काय? छोटीशी काच, त्यात तीन हेडरेस्ट, दोन्ही बाजूंना जाड खांब, आणि आमच्या नागपुरात वरून ती काळी जाळी. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं काचांवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या, पण मे महिन्यातलं 45 डिग्री ऊन काही बंद झालं नाही, म्हणून लोक मागच्या काचांना जाळ्या लावून फिरतात, मी पण लावते, आणि मग तसल्या काचेतून पाहत रस्त्यावर शेपूट काढायची म्हणजे डोळ्यांवर ओढणी बांधून रस्ता ओलांडणं झालं.

माझा भाचा ब्रिटनमध्ये आहे, तिथलं लायसन काढताना त्यानं मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, मावशी, तुझा नियम इथे छापलेला आहे. त्यांच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, 201 नंबरचा नियम आहे, घरासमोरच्या जागेत गाडी लावायची तर जमेल तेव्हा रिव्हर्सनं आत न्या आणि सरळ बाहेर काढा, मोठ्या रस्त्यावर उलटं येऊ नका. मी ते भावाला ऐकवलं. तो म्हणाला ते लोक चहात थंड दूध घालतात. आता याला काय उत्तर द्यायचं.

मी शाळेत भूमिती शिकवायचे, त्यामुळे एकदा खडू घेऊन पार्किंगच्या फरशीवर आकृती काढून दाखवली होती, पोरं जमली, मोठेपण जमले. गोष्ट सोपी आहे, गाडीची पुढची चाकं वळतात, मागची नुसती मागेमागे येतात आणि वळणात आतून कापतात. म्हणून सरळ आत घुसताना नाक जातं नीट आणि खांबाला घासतो मागचा दरवाजा, आमच्या स्कीममधल्या निम्म्या गाड्यांच्या मागच्या दरवाजांवर त्या खांबाचा पिवळा रंग आहे, जाऊन बघा. उलटं जाताना वळणारी चाकं शेपटीकडे येतात, गोदामातल्या फोर्कलिफ्टसारखी, ते मागच्याच चाकांनी वळतं, म्हणून अरुंद जागेत गर्रकन फिरतं. मागची चाकं एकदा जागेत शिरली की पुढचा भाग हवा तसा सरळ करता येतो. फक्त तेव्हा नाक बाहेरच्या बाजूनं मोठा फेरा घेतं हे लक्षात ठेवा, मागे बघता बघता समोरच्याच्या हेडलाइटचा निकाल लागतो. माझाच एकदा लागलाय, 1400 रुपये भरले.

आता शिष्टाचाराचं, कारण तिथे माझ्यावर खरे आरोप आहेत आणि काही मला मान्य आहेत.

शेजारच्या जागेतले काका माझ्याशी तीन महिने बोलत नव्हते. कारण ऐका. सगळ्यांनी नाक आत करून लावलं की एकाच्या ड्रायव्हरच्या दरवाजासमोर दुसऱ्याचा डावा दरवाजा येतो. मी उलटी लावल्यावर माझा उजवा दरवाजा आणि त्यांचा उजवा दरवाजा आमनेसामने, जागा अडीच मीटर रुंद, दोन जाडी माणसं एकाच फटीतून कशी उतरणार. काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या सेफ्टीपायी मी काय खिडकीतून उतरू का?" बरोबरच होतं त्यांचं. मग मी माझी गाडी डाव्या अंगानं खांबाला एकदम चिकटून लावायला लागले, चार बोटं सोडून, तिकडून नाहीतरी कोणी उतरत नाही. आता काका बोलतात, जरा जास्तच बोलतात.

दुसरा आरोप धुराचा. गाडी उलटी म्हणजे सायलेन्सर भिंतीकडे, आणि भिंतीत तळमजल्यावाल्यांच्या बेडरूमची खिडकी. हे मला कोणीतरी सांगेपर्यंत सुचलंच नव्हतं, लाज वाटली. आता आधी बेल्ट, आरसा, फोन सगळं करून घेते आणि मग चावी फिरवते, सुरू केली की निघाले. सकाळी दहा मिनिटं "गाडी गरम करायची" ही सवय जुन्या कार्बोरेटरच्या दिवसांतली आहे, आताच्या इंजिनांना त्याची गरज नाही. एखाद्याच्या खिडकीला लागूनच सायलेन्सर येत असेल, किंवा गेटवर "गाडी सरळ लावावी" अशी पाटी असेल, तर सरळच लावा, हट्ट कशाला.

आणि रस्त्यावरचं वेगळंच असतं. रिकामी जागा दिसली की मी तिच्या पुढे जाऊन थांबते, मागच्याला वाटतं बाईनं जागा सोडली, आणि तो सुळकन नाक घालतो. त्याची पूर्ण चूक नाही, मी इंडिकेटर उशिरा दिला असेल. म्हणून जागेच्या आधीच इंडिकेटर, मग हळूहळू पुढे, काच खाली, गाणी बंद, आणि मागचे तीन-चार स्कूटरवाले आधी जाऊ द्यायचे, ते तसेही थांबत नाहीत. इतवारीच्या गल्लीत संध्याकाळी असला प्रयोग मी करत नाही, लांब लावून रिक्षानं जाते.

आता येऊ-द्या-वाल्यांबद्दल बोलायलाच पाहिजे. बाई गाडी मागे घेऊन राहिली दिसलं की कुठून तरी दोन पुरुष उगवतात. एक म्हणतो येऊ द्या येऊ द्या, दुसरा म्हणतो फुल काटा फुल काटा, कुठल्या बाजूला ते कोणीच सांगत नाही, आणि शेवटी बंपर टेकल्यावर डिक्कीवर धप्पकन हात मारून "बस्स!" वर आणि "मॅडम, द्या मी लावून देतो". चांगल्या मनानं करतात, मला माहीत आहे. पण ते उभे कुठे असतात? बरोबर गाडीच्या मागे, भिंत आणि बंपरच्या मध्ये. मी आता हँडब्रेक ओढते आणि सांगते, दादा, बाजूला या, मला आरशात दिसा, नाहीतर मी हलत नाही. एक जण चिडून निघून गेला होता. जाऊ दे.

ते तान्ह्या पोळ्याचं पोरगं आता मोठं झालंय, मिशा आल्यात, लर्निंग लायसन काढलंय. मागच्या आठवड्यात त्यालाही रिव्हर्स शिकवला, खांबाला थोडा रंग त्याच्याकडूनही लागला.

बाकी मी काही कट्टर नाही हं. मे महिन्यात कडुनिंबाची सावली ज्या बाजूनं मिळेल तशी लावते, स्टिअरिंगला हात तर लावता आला पाहिजे. किराणा भरायचा असला की सरळ लावून डिक्की बाहेरच्या बाजूला ठेवते. आणि परवा धरमपेठेत एका दुकानासमोर तिरपे पट्टे मारलेले होते, तिथे सगळ्यांचं नाक एकाच बाजूला, उलटं शिरायचं तर येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर फिरावं लागलं असतं, म्हणून मी निमूटपणे सरळ लावली. उतरले तर समोर आमच्याच स्कीममधल्या एक बाई पिशवी घेऊन उभ्या, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "काय हो, बरं नाही का आज?"