पावसात तुटणारे ब्रॉडबँड
गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या आमच्या घरी ब्रॉडबँड दिवसातून कितीतरी वेळा बंद पडू लागले, आणि फोनची घंटा वाजली की ते हमखास जात असे. हे लक्षण मला महत्त्वाचे वाटले. कारण डीएसएलमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये, आवाज आणि डेटा तांब्याच्या तारांच्या एकाच जोडीवरून येतात, आवाज ४ किलोहर्ट्‌झच्या खाली आणि डेटा त्याच्या बराच वर, आणि दोघांना वेगळे ठेवण्याचे काम स्प्लिटरची छोटीशी डबी करते.

स्प्लिटर बदलताच तो त्रास थांबला. पाऊस लागला की मात्र मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नलला किती वाव उरला आहे तो आकडा, ४ डेसिबलपर्यंत घसरे, आणि ते ६ च्या खाली गेले की जोडणी डळमळीत होते. वाय-फायला दोष देण्याआधी हा आकडा प्रत्येकाने पाहावा, असे मला मनापासून वाटते. फोन उचलून एक आकडा दाबला, तर डायल टोन थांबल्यावर शांतता हवी, तिथे स्पष्ट खरखर ऐकू येत होती. मॉडेम थेट बाहेरच्या तारेला जोडला, तरी फरक पडला नाही. म्हणजे दोष घराबाहेरच होता.

लाइनमनकाकांनी पडवीतली, बाहेरच्या तारेच्या जोडाची डबी उघडली, तेव्हा पिळलेल्या तारांचा सांधा हिरवट पडून भुसभुशीत झालेला दिसला. त्यांनी तेवढा भाग कापला, तारा सोलून जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये घट्ट दाबल्या. त्या रात्री मुसळधार पावसातही मार्जिन ११ वर टिकून होते.