घुबडं, त्यांचे कान आणि माझी ओल्डनबर्गची नोकरी

घरून कुणाचाही फोन आला की एक प्रश्न ठरलेला, "न्यूरोसायन्स म्हणजे मेंदूची डॉक्टर ना गं तू? मग पेशंट कधी बघतेस?" तर आज नीट सांगते. मी डॉक्टर नाही, जर्मनीत ओल्डनबर्गला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करते आणि गव्हाणी घुबड कसं ऐकतं हे शोधणं हे माझं काम. तेच ते, बदामी तोंडाचं, आपल्याकडे जुन्या वाड्यात नाहीतर देवळात राहणारं आणि दिसलं की लोक अपशकुन म्हणून हाकलतात ते. इथे उत्तर जर्मनीत जुन्या शेतघरांच्या भिंतीत वर छपराखाली एक भोक मुद्दाम ठेवलेलं दिसतं, घुबडाने आत यावं आणि धान्यावरचे उंदीर खावेत म्हणून, मला ते बघून फार बरं वाटलं होतं.

आता घुबडच का? कारण ऐकण्यात याचा हात धरणारं कुणी नाही. रॉजर पेन (पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झाले तेच) यांनी दाखवलं की पूर्ण अंधारात हे घुबड निव्वळ आवाजावर उंदीर पकडतं, पाचोळ्यातून नुसता कागदाचा बोळा सरकवला तरी त्यावर झडप घालतं. मग मासाकाझू कोनिशींनी हा धागा पकडला. त्यांचा जन्म १९३३ चा, क्योटोचा, पीएचडी बर्कलेला पक्ष्यांच्या गाण्यावर, आणि १९७५ पासून ते कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठात. तिथे १९७८ मध्ये त्यांनी आणि एरिक नुडसेननी घुबडाच्या डोक्याभोवती स्पीकर फिरवत मेंदूतल्या एकेका पेशीचे सिग्नल घेतले आणि कळलं काय, तर प्रत्येक पेशीची आपली एक दिशा ठरलेली आहे, आवाज तिथून आला तरच ती बोलते, आणि अशा पेशी मिळून मेंदूत आजूबाजूच्या जागेचा चक्क नकाशा असतो.

हा नकाशा कसा बनतो ते तर मला अजूनही कुणाला सांगताना अंगावर काटा येतो. याचे दोन कान एका पातळीत नाहीत, डावा थोडा वर आणि खाली रोखलेला, उजवा थोडा खाली आणि वर रोखलेला. त्यामुळे कुठल्या कानात आवाज मोठा यावरून वर की खाली ते कळतं, आणि कुठल्या कानात आधी आला यावरून डावीकडे की उजवीकडे ते, आणि हा आधी-नंतरचा फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका असला तरी त्याला कळतो! लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये मेंदू असा फरक कसा मोजत असेल याचं एक मॉडेल कागदावर मांडलं होतं, १९९० मध्ये कॅथरीन कार आणि कोनिशींना घुबडाच्या मेंदूत जवळपास तशीच रचना सापडली. सस्तन प्राण्यांच्या मेंदूत मात्र तसं दिसेना, त्यावर अजूनही वाद चालू आहेत. म्हणून मी नवीन मुलांना सांगत असते की आधी प्राणी आपल्या जगण्यात काय करतो ते बघा, मेंदू नंतर उघडा.

माझा दिवस म्हणाल तर सकाळी आधी घुबडाचं वजन, साधारण ३०० ग्रॅम, ते लिहून ठेवायचं, मग प्रतिध्वनी न येणाऱ्या खोलीत, जिथे चारी भिंतींना फोमच्या पाचरी असतात, त्याला स्टँडवर बसवायचं. आवाज ऐकू आला की त्याने दुसऱ्या स्टँडवर उडत जायचं आणि मांसाचा तुकडा घ्यायचा. डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून आधी अख्खं डोकं वळतं, आणि मग माझ्या कानाजवळून गेलं तरी पंखांचा आवाज नाही, फक्त गालाला वारा लागतो. हे शिकवायला आठवडेच्या आठवडे जातात, घाई चालतच नाही.

ओल्डनबर्गच्याच एका टीमने २०१७ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या घुबडांना तरुणांइतकंच चांगलं ऐकू येतं, त्यातलं एक तर २३ वर्षांचं होतं. आपल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेल्या की मेल्या, पक्ष्यांच्या मात्र परत उगवतात. "पेशंट कुठेत?" विचारणाऱ्यांना मी हे सांगते, पण खरं सांगू का, एवढंसं घुबड अंधारात उंदीर कसा शोधतं हे कळणं मला स्वतःलाच पुरेसं मोलाचं वाटतं.

नोकरीचं म्हणाल तर स्थैर्य कमी. इथल्या कायद्याने पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं टेम्पररी काँट्रॅक्टवर राहता येतं, त्यानंतर प्रोफेसरशिप किंवा कायम जागा शोधायची, आणि त्या मोजक्याच. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला आधी सरकारी परवानगी लागते, कोर्स करावा लागतो, इतकेच प्राणी का हे लेखी पटवून द्यावं लागतं, आणि ते असायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना यायचंय त्यांनी मेडिकलच हवं असं अजिबात समजू नका. प्राणिशास्त्र, फिजिक्स, व्हेटर्नरी, इंजिनियरिंग, कुठूनही येता येतं, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेचा बीएस-एमएस आहेच. कोडिंग आणि स्टॅटिस्टिक्स मात्र आतापासून पक्कं करा, आणि प्रोफेसरना मेल करताना बायोडेटा नुसता चिकटवू नका, त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातला तुम्हाला पडलेला प्रश्न दोन ओळीत लिहा.