झडपवाल्या पिशव्या : ताज्या भाजणीची नोंद

घरी कॉफी भाजणाऱ्यांसाठी. या खेपेला एकाच भाजणीचे, मध्यमपेक्षा किंचित गडद दाणे तीन सारख्या फॉइलच्या पिशव्यांत सील केले. एकीला एकदिशा झडप (गॅस बाहेर सोडते, हवा आत येऊ देत नाही), दुसरी नुसती बंद, तिसरीला टाचणीचं भोक. नुसती बंद पिशवी टम्म फुगली, सीलवर ताण दिसू लागला. झडपवाली थोडी फुगून तिथेच थांबली.

पिशवी फुगवणारा हा सगळा गॅस म्हणजे भाजताना दाण्यात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड. ताज्या भाजणीच्या वजनात त्याचा वाटा साधारण 1 ते 2 टक्के. पाव किलोला 1 टक्का धरला तरी अडीच ग्रॅम, म्हणजे सव्वा लिटरहून जास्त गॅस! झडप नव्हती तेव्हा हा गॅस निघून जाईपर्यंत दाणे बंद पिशवीत पॅक करता येत नसत, आणि तेवढ्यात ऑक्सिजन त्यांना शिळं करून जाई. 1960च्या दशकाच्या अखेरीस इटलीच्या लुइजी गोलियो यांनी कॉफीच्या पिशवीसाठी झडप आणली आणि ही अडचण सुटली.

एक जुनी झडप कापून भिंगाखाली पाहिली. टोपीखाली सपाट बैठकीवर रबराची पातळ चकती, दोन्हींच्या मध्ये सिलिकॉन तेलाचा थर. आतला दाब जरासा वाढला की चकतीची कड उचलली जाते, गॅस निसटतो, आणि तेल चकतीला परत बैठकीला चिकटवतं. बाहेरची हवा आत यायला बघते तेव्हा तीच चकतीला खाली दाबते. किती सुंदर रचना आहे ही! आतल्या बाजूला फिल्टर कागद असतो. पुडीचा एक कण जरी चकतीखाली अडकला तरी हवेला वाट मिळते, म्हणून दळलेल्या कॉफीसाठी हा कागद लागतोच.

पण झडप ऑक्सिजनला फक्त अडवते. सील करताना आत राहिलेल्या हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतोच. दाण्यांचा गॅस ती हवा हळूहळू बाहेर ढकलतो, पण त्यासाठी दाणे ताजे लागतात. कारखान्यात त्याकरता नायट्रोजन सोडतात. घरी माझा आग्रह एवढाच : दाणे निवले की लगेच, पिशवी गच्च भरून, हवा दाबून काढून सील करा. आणि वास घ्यायला झडप सारखी दाबू नका, सुगंधच वाया जातो.

चव घेताना एक गोष्ट फार आवडली. गरम पाणी ओतल्यावर झडपवाली आणि भोकवाली, दोन्ही पिशव्यांतल्या दाण्यांची पूड जवळपास सारखीच फुलली. सुगंधात मात्र भोकवाली स्पष्ट मागे पडली, चवीला कागदासारखा कोरडेपणा आला होता. म्हणजे पूड फुलली यावरून गॅस शिल्लक आहे एवढंच कळतं. इथून पुढे मी ताजेपणा नाकानेच तपासणार.

आता हीच तुलना दळलेल्या कॉफीवर करायची आहे. दळताना बराच गॅस तिथेच उडून जातो, मग आतली हवा बाहेर ढकलायला उरेल किती, ते बघायचं.