तुम्ही विचारलंत म्हणून: मरणारच असतात ना ते मासे?

हो, मरणारच असतात. गणपतीत, कोणाच्या डोहाळजेवणात, आईच्या भिशीतल्या बायकांबरोबर व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे हाच प्रश्न आणि विचारताना चेहऱ्यावर ते "सापडलीस" वालं हसू. पॅसिफिकमधला सॅल्मन अंडी घातली की मरतोच, मग तू शनिवारी पावसात ओढ्यात उतरून वाचवतेस काय? (आणि नाही मावशी, रावस नव्हे. हॉटेलवाले रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण दोघांचं काहीही नातं नाही.)

पूर्वी मी यावर भाषण द्यायचे. सॅल्मनने समुद्रातून आणलेला नायट्रोजन नदीकाठच्या झाडांत सापडतो, अस्वलं मेलेले मासे जंगलात ओढून नेतात, म्हणजे त्याचं मरणसुद्धा नदीच्या कामाला येतं, वगैरे. सगळं खरंय. पण आता तेच बोलायला लागले की माझा मलाच कंटाळा येतो, म्हणून एकदाच सांगते काय झालं ते.

सिॲटलच्या पश्चिम भागात लाँगफेलो क्रीक म्हणून एक ओढा आहे. ओढा म्हणजे काय, थोडा झाडीतून, थोडा गोल्फ कोर्समधून आणि ड्युवॉमिश नदीला मिळायच्या आधी बराचसा पाइपातून. तरी दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोहो जातीचे सॅल्मन समुद्रातून अंडी घालायला त्यात चढतात. आम्हा स्वयंसेवकांचं काम मेलेले मासे मोजायचं. माझं पहिलंच वर्ष होतं, आदल्या रात्री धो धो पाऊस, आणि सकाळी पुलाच्या खाली एक मादी दिसली, हातभर लांब, पोट टम्म. मला वाटलं नाचतेय. खरंच, मी फोन काढून व्हिडिओ घ्यायला लागले. ती गोल गोल फिरत होती, वर येऊन तोंड उघडायची, काठावर आपटायची, परत वळायची. माझ्याबरोबरचे आजोबा, वीस वर्षं हेच करणारे, नुसतं म्हणाले, फोन ठेव.

ती कलंडली, मग सरळ झाली, परत कलंडली. आम्ही उभेच. पाणी घोट्याच्या वर नव्हतं, उचलून कुठे नेणार, पुढेही तेच पाणी. मेल्यावर आजोबांनी सुरी माझ्या हातात दिली, कारण अंडी घालून मेली की आधीच मेली हे पोट कापूनच कळतं. मी कापलं. आणि ती अंडी, केशरी, मटाराएवढी, हातमोज्यावरून ओघळून पाण्यात गेली, थांबेचनात. कागदावर लिहिलं, मादी, अंडी सगळी पोटात. परत मोजली जाऊ नये म्हणून शेपटी कापली. वर्षभर ओढ्यात, मग दीड वर्ष समुद्रात, तिथून सील, ऑर्का, जाळी चुकवून ही इथपर्यंत आली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. तर मावशी, मरणं आणि असं मरणं यात फरक आहे, एवढंच माझं म्हणणं.

कशाने मेली ते तेव्हा कुणालाच नक्की माहीत नव्हतं. शहरातल्या काही ओढ्यांत अर्ध्याहून जास्त कोहो असेच मरत होते, आणि त्याच पाण्यातले चम जातीचे सॅल्मन मात्र ठणठणीत. २०२० च्या डिसेंबरमध्ये इथल्याच संशोधकांनी छडा लावला: टायर. टायरला चिरा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, हवेतल्या ओझोनने त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, झिजलेल्या रबरासकट ते रस्त्यावर पडतं आणि पावसाने ओढ्यात. लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमसुद्धा लागत नाही, काही तासांत कोहो खलास.

आणि मी तिथे गाडीनेच जात होते ना. तेवीस मैल जाऊन-येऊन, मासे मोजायला! नवऱ्याने हे जेवताना काढलं तेव्हा मी ताटावरून उठले होते. नंतर आम्ही इलेक्ट्रिक घेतली, तर बॅटरीच्या वजनाने टायर उलट जास्त झिजतात म्हणे. सॅल्मनला वर चढता यावं म्हणून इथल्या एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, त्याचे फोटो मीच तुम्हाला पाठवले होते, केवढे लाइक्स. धरण पाडणं दिसतं. टायरचं काय दाखवणार? रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळलं तर कोहो जगतो हे सिद्ध झालंय, म्हणून आता आम्ही रस्त्याकडेला असे खड्डे करून झाडं लावतो. किती रस्ते आणि किती खड्डे, ते विचारू नका.

दुसरा प्रश्नही येतोच, मग कृष्णेचं काय. बरोबर आहे. सांगलीत शाळेत असताना मळीचं पाणी आलं आणि मासे तरंगायला लागले, आम्ही आयर्विन पुलावर बघायला गेलो होतो. लोक घमेली भरून नेत होते. आम्हीही नेले, बाबांनी तळायला नको म्हटलं म्हणून मांजराला घातले. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, आणि इथे एका मासोळीपायी मी रात्रभर जागी. याचं उत्तर माझ्याकडे खरंच नाहीये, लांब आल्यावर सोपं जातं हे उत्तर असेल तर ते मला आवडत नाही.

मागच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथला मुलगा म्हणाला, मागचे दोन गेलेत, पुढचे अजून सीझनभर चालतील. पावसाळा तोंडावर, घरात पोरं. मी म्हटलं चारही बदल.