ओटीचा नारळ आणि सात किलो

अमळनेरात परदेशी निघालेला माणूस स्वतःची बॅग स्वतः भरत नाही. तो ती फक्त ओढतो. भरायचं काम घर करतं, आणि त्या आठवड्यात घर म्हणजे आत्या, मावशी, समोरच्या वहिनी, दोन घरं सोडून राहणाऱ्या जिजी आणि ‘सहज डोकावलो’ म्हणत तासभर बसणारे नाना. या मंडळात मला मानाची जागा आहे, ती शहाणपणामुळे नव्हे. माझ्याकडे बॅग तोलायचा हुकाचा काटा आहे. गल्लीत कुणाचा व्हिसा आला की पेढ्यांच्या आधी काट्याची चौकशी येते. काट्याबरोबर मलाही जावं लागतं, कारण आकडा जरा कमी सांग असा आग्रह काट्याला करता येत नाही, मला करता येतो.

रेल्वेने आम्हाला लाडावून ठेवलंय. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो, सेकंड एसीच्या प्रवाशाला ५० किलो सामान फुकट, असा नियम आहे खरा. पण तो तपासायला वजनकाटा घेऊन खान्देश एक्सप्रेसच्या दाराशी उभा राहिलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. तिथे प्रश्न एकच: सीटखाली मावतं का? नाही मावलं तर शेजाऱ्याच्या सीटखाली. गव्हाचं पोतं, तुपाचा पत्र्याचा डबा, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांची बरणी, सगळं असंच सुरतेपर्यंत जात आलंय. विमानात तोच संसार किलोंवर येतो. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोंच्या एक-दोन बॅगा, आखाताला जाताना सगळं मिळून पंचवीस-तीस किलो, देशातल्या देशात साधारण १५, हातातली बॅग ७. पैसे भरून वजन वाढवता येतं, पण एका बॅगेत ३२ किलोंच्या पुढे सहसा जाऊ देत नाहीत, कारण ती शेवटी कुणीतरी माणूसच हाताने उचलून विमानात चढवतो. हे कारण सांगितलं की मंडळ वाद घालत नाही. मार्केट यार्डाच्या गावाला हमालाची पाठ कळते.

बाकी सगळ्याला मात्र वाद असतो. खान्देशी बॅगेत वजन आणि जागा यांचं कायमचं वैर आहे. चैत्र-वैशाखात आमच्या गच्च्यांवर पाय ठेवायला जागा नसते: ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, नागलीचे पापड, शेवया. त्यातली कुरडई म्हणजे जाळीदार हवा. किलोभर कुरडयांना अर्धी बॅग लागते आणि काटा जेमतेम हलतो. काळा मसाला, तूप, तिखट यांचं उलट. मावतात कोपऱ्यात आणि काटा सरसर वर चढतो. बहुतेक घरांत खाण्याची एक बॅग आणि कपड्यांची एक अशी वाटणी करतात. दिसायला ती टापटीप दिसते. मग एक बॅग भरते २९ किलो आणि दुसरी सोळा, आणि विमानतळाच्या चकचकीत फरशीवर दोन्ही उघड्या टाकून, मागच्या रांगेच्या देखत, मसाल्याच्या पुड्या साड्यांमध्ये सरकवाव्या लागतात. म्हणून मी सुरुवातीलाच फर्मान काढते की जड आणि हलकं दोन्ही बॅगांत निम्मं निम्मं. एक बॅग वाटेत राहिली तरी पोराला आठवडाभर मसालाही मिळतो आणि अंगावर घालायला शर्टही.

कुरडया कडक डब्यात, डबा बॅगेच्या मधोमध, भोवती कपडे. पापड चपटे रचून बॅगेच्या भिंतीला. बिबडे टॉवेलच्या घडीत. एवढं करून थोडा चुरा होतोच, आणि त्यावर आत्यांचं मत असं की मोडलेली कुरडई तळल्यावर कोण ओळखतंय. मला हे मत पटत नाही. अख्खी कुरडई तेलात पडून फुलते ते बघणं हाच तिच्यातला अर्धा आनंद आहे. बुटांच्या पोकळीत मोजे कोंबावेत, हा सल्ला सगळीकडे मिळतो. आमच्याकडच्या एका पोराने जागा वाया जाऊ नये म्हणून तिथे पापडांची पुरचुंडी कोंबली होती. जिजींनी कुलूप लावलेली बॅग पुन्हा उघडायला लावली आणि बूट थेट बाहेरच्या ओट्यावर ठेवून दिले.

तूप आणि लोणचं यांची गोष्ट वेगळी. वर गेल्यावर विमानातल्या हवेचा दाब जमिनीइतका राहत नाही. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असावा तितका असतो, म्हणजे १६४६ मीटरच्या कळसूबाईच्याही वर. आपल्याला फक्त कानांत दडे बसल्याचं कळतं, पण केळीच्या वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं आणि बरणीतलं तेल झाकणाच्या फटीतून वाट काढतं. उपाय साधे आहेत. बरणी काठोकाठ भरू नये, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घट्ट बसवावा, वरून दोन पिशव्या, आणि पिशवीतली हवा दाबून काढून टाकावी. तूप थंडीत भरलं तर घट्ट असतं, मे महिन्यात जळगावच्या ४४-४५ अंशांत त्याचं पाणी झालेलं असतं. या गावात तुपावरून इतकी चर्चा व्हावी हेही बरोबरच आहे. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली, आणि आता संगणकाच्या नोकरीला निघालेल्या पोरांच्या बॅगेत तूप कुठे ठेवायचं यावर आम्ही बसतो.

आता नारळ. लेक सासरी निघो, सून परदेशी निघो, उंबऱ्यावर ओटी भरल्याशिवाय आमच्याकडे पाऊल बाहेर पडत नाही. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. मोठ्या बॅगांना तोवर कुलूप लागलेलं असतं, गाडीच्या डिकीत त्या चढलेल्या असतात. मग ओटी जाते खांद्यावरच्या पर्समध्ये, आणि मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणांच्या पडद्यावर एक गोल, घट्ट, आत द्रव असलेली वस्तू उमटते. अख्खा नारळ हातातल्या सामानात चालत नाही. तो बाहेर काढून ठेवायला सांगतात, आणि सासूने भरलेल्या ओटीतला नारळ ट्रेच्या बाजूला टाकून पुढे जाताना सुनेचं काय होतं ते मी ऐकलंय. ओला नारळ साधारणपणे चेक-इन बॅगेत चालतो. तेव्हा ओटी बॅगेला कुलूप लागण्याआधी भरावी, उंबऱ्यावर हळद-कुंकू आणि तांदूळ पुरेत. हा बदल मी सुचवला तेव्हा ‘मुहूर्ताचं काय?’ असं विचारलं गेलं. मी म्हटलं, विमान सुटायची वेळ हाच मुहूर्त. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातात नेता यावा म्हणून विमान सुरक्षा खात्याने २०२२ आणि पुन्हा २०२४ च्या हंगामात खास सूट दिली होती. ओटीसाठी अजून कुणी अर्ज केलेला नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाटीचं तर आणखी अवघड. ती हातातही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही. घरात कुणाला हे खरं वाटत नाही. खोबरं म्हणजे प्रसादाची गोष्ट, त्यात धोका कसला? पण सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ढिगाने, उबेत, कोंडून राहिलं की ते आतल्या आत तापत जातं आणि पेट घेऊ शकतं. म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते आपोआप तापणाऱ्या पदार्थांत बसलंय, त्याला १३६३ असा क्रमांकसुद्धा आहे. तेव्हा खोबरं घरीच भाजून काळ्या मसाल्यात वाटून घालावं.

मसाल्याचेही दोन कायदे आहेत. तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नये, ते खालच्या बॅगेत. आणि दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्याच्या मसाल्यात खसखस घालू नये; तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. खसखशीशिवाय मसाला म्हणजे काय, असं म्हणणाऱ्यांनी तो इथे बसून खावा. अमेरिकेला ताजी फळं-भाज्या नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. लिहिलेली वस्तू फार तर ठेवून घेतील, लपवलेल्या वस्तूचा दंड जबर असतो. म्हणून मी प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहायला लावते आणि सगळं खाणं वरच्या थरात, एका पारदर्शक पिशवीत ठेवायला लावते. बॅग उघडणाऱ्या साहेबाला खाली चाचपायची वेळच येऊ नये.

बामणोदच्या वांग्यांचं भरीत एकदा नानांनी लेकासाठी स्टीलच्या डब्यात भरून तयार ठेवलं होतं, हातात न्यायला. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाना त्याच्याविषयी जरा अधिकारानेच बोलतात. मी सांगितलं की २००६ साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत द्रव नेता येत नाही, आणि जे लिबलिबीत, ते द्रव धरतात. नाना डब्यात बघत म्हणाले, “भरीत काय पानी शे का?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर तिथेच संपवण्यात आलं.

जळगावचा विमानतळ २०१२ साली प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते सुरू झाला. मधली बरीच वर्षं तिथे विमान कमी आणि शांतता जास्त होती. २०२४ पासून मुंबई, पुणे, गोवा, हैदराबादला पंख्याची विमानं उडू लागली, सत्तर-बहात्तर जणांची. दार शेपटीकडे, डोक्यावरचे कप्पे लहान. चाकांची बॅग त्यात मावेलच असं नाही, ती शिडीपाशी काढून घेतात. तेव्हा पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक आणि दागिने एका छोट्या झोळीत वेगळे असावेत. पॉवर बँक तर खालच्या सामानात देताच येत नाही. (२०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तासांची भरते, मर्यादा १०० ची, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.) औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि त्यावर औषधाचं मूळ नाव.

पण जळगावहून उडायच्या आधी तिकीट नीट वाचावं. मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर तिथवर देशी प्रवासाचे १५ किलोच लागू होतात, पुढे अमेरिकेचे ४६ असले तरी. हे लक्षात आलं की घरातले सगळे आपोआप रेल्वेच्या बाजूने होतात. मग बॅगांना साखळी-कुलूप आलं, रात्री अर्धवट झोप आली, पहाटे मुंबई आली. ती साखळी विमानतळावर मोठ्या बॅगेत टाकायची आठवण ठेवावी.

थंड देशाला जाणाऱ्याने जाड कोट अंगावर घालावा, जड बूट पायात. दोन-अडीच किलो तिथेच वाचतात. मे महिन्यात अमळनेर स्टेशनवर ओव्हरकोट घालून उभा असलेला मुलगा दिसला तर त्याला ताप आलाय असं समजू नये. वेब चेक-इन आदल्या दिवशी घरीच करावं. बेल्ट, घड्याळ, सुटे पैसे रांगेत शिरण्याआधीच कोटाच्या खिशात टाकावेत, म्हणजे ट्रेमध्ये एकच वस्तू ठेवायची राहते. याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

सांगण्यासारखं आहे ते शेवटच्या तासाबद्दल. २३ किलोंच्या बॅगेत मी काटा २१ वर थांबवते. पोरं कुरकुरतात, दोन किलो फुकट जातायत म्हणून. ते फुकट जात नाहीत, ते जिजींचे असतात. गाडी दाराशी लागल्यावर जिजी पदराखाली काहीतरी घेऊन येणार हे ठरलेलं असतं. कधी शेवया असतात, कधी उडदाचे पापड, आणि ते घेतल्याशिवाय सुटका नसते. “तठे भेटस का असं?” हा त्यांचा प्रश्न. आजकाल तिथल्या भारतीय दुकानांत बरंच काही मिळतं, हे पोराला माहीत असतं, मलाही असतं, आणि जिजींनाही असावं अशी मला शंका आहे. कुणी तसं म्हणत नाही. बॅग उघडली जाते, पुडी जाते, काटा २२.८ दाखवतो.

भांडण उरतं ते डब्याचं. मी म्हणते पुडी पिशवीतून जाऊ दे, रिकामा डबाच तीन-चारशे ग्रॅम खातो. जिजी म्हणतात पिशवीत चुरा होईल. जिंकतात त्याच. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला डबा बॅगेत जातो, आणि चेन ओढली जात असताना जिजी पोराच्या कानाशी वाकून बजावतात, “डबा परत लई येजो हा!”