काकवीची वाटी

कोल्हापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गुऱ्हाळांच्या हंगामातील एका सकाळी पन्नाशीतल्या एक मावशी शाळकरी वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. तोंडाला चव नव्हती, तिखट झोंबत होते आणि छातीखालच्या घडीत लाल, खाजरे चट्टे उठले होते. अंगात यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी वाढली आहे, असे सुनेने मोबाइलवर पाहून सांगितले होते. पहाटे पाण्याच्या पेल्यात थुंकून पाहिले, तर थुंकीचे धागे तळाकडे गेले, एवढ्यावर खात्री पटली होती. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. दाट लाळेचे धागे कोणाचेही खाली उतरतात.

वहीत तीन महिन्यांचे जेवण लिहिलेले होते. यीस्टच्या भीतीने इडली, पाव, दही, ताक, फळे, इतकेच काय शाळूची भाकरीही कमी होत गेली होती. वजन एकसष्ट किलोवरून त्रेपन्नवर आले होते. सुरुवातीला मीही त्यांच्या नेटाचे कौतुक केले, याची खंत मला आजही वाटते.

"साखरंला हात लावल्याला न्हाई, मॅडम. चहातबी गूळच घालतोय," त्या म्हणाल्या.

मग वहीतला एक शब्द रोज, दोन्ही वेळेला दिसू लागला: काकवी. ताज्या उसाची, घरच्या गुऱ्हाळातली, वाटीभर. भूक फार लागते आणि दुसरे काही खायची भीती वाटते, म्हणून. तहान लागते का, असे विचारल्यावर त्यांनी पिशवीतून दोन लिटरची बाटली काढली. ती सकाळी अकरा वाजताच रिकामी झाली होती. रात्री लघवीला चार-पाच वेळा उठावे लागते, हे त्यांनी वयाचे म्हणून सोडून दिले होते.

बोटाला सुई टोचून साखर तपासली, तर यंत्रावर ३८४ असा आकडा आला. त्यानंतर आलेले एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ११.४ टक्के होते, ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह समजतात. डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा थर गॉजने पुसला, तेव्हा खाली लालभडक, किंचित रक्ताळलेली त्वचा दिसली. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तयार केलेल्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली, कळ्या फुटल्यासारख्या गोल पेशी आणि त्यांच्या लांबट साखळ्या दिसल्या. बुरशी खरोखरच होती. चूक फक्त तिच्या कारणाबद्दल झाली होती.

कॅन्डिडा ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामाला असते. रक्तातील साखर खूप वाढली की लाळेतही ग्लुकोज वाढते, पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद मंदावते, आणि मग हा शांत पाहुणा पसरू लागतो. पाव फुगवणारे यीस्ट वेगळे असते. इडलीचे पीठ तर मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे फुगते. त्यांना सोडून मावशींनी जे धरले होते, त्या गुळाकाकवीत बहुतांश साखरच असते, ती उसाच्या रसातली का होईना. आठ किलो वजन यीस्ट मरून गेलेले नव्हते. पेशींना साखर वापरता येत नसल्यामुळे शरीर स्वतःचेच मांस आणि चरबी जाळत होते.

हे सांगताना मला शब्द फार जपून वापरावे लागले, कारण त्यांनी काही हयगय केली नव्हती, उलट जीव तोडून पथ्य पाळले होते. डॉक्टरांनी मधुमेहाची औषधे, तोंडात लावायचे क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक औषध आणि चट्ट्यांसाठी मलम दिले. मी गूळ-काकवी बंद केली आणि बाकीचे बरेचसे परत दिले: दोन्ही वेळेला दीड भाकरी, मटकीची उसळ किंवा पिठलं, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, बिनसाखरेचे ताक, मधल्या वेळेला अर्धा पेरू. चट्ट्यांची जागा कोरडी ठेवायला आणि रात्री दातांची कवळी काढून ठेवायलाही सांगितले. कवळीखाली बुरशी हमखास टिकून राहते.

दोन आठवड्यांत तोंड स्वच्छ झाले. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.५ वर आले आणि वजन दोन किलोने वाढले. त्या दिवशीही वही सोबत होती. आदल्या दुपारच्या रकान्यात त्यांनी मोठ्या अक्षरात "ताक, दोन वाट्या" असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.