जुलानाचा निकाल आणि क्रीडा डेस्क

मतमोजणीच्या दिवशी क्रीडा डेस्कला कुणी विचारत नाही. आमचं पान राजकारणवाले हक्काने उचलतात. 8 ऑक्टोबर 2024 ला, हरियाणा विधानसभेच्या मतमोजणीला, मात्र वृत्तसंपादकांनी सकाळीच फोन केला. "हरियाणा दिल्ली ब्युरो बघेल. विनेश तुम्ही घ्या. जिंकली काय, हरली काय, पहिल्या पानावर जाणार."

सुरुवातीच्या कलांत काँग्रेस पुढे होती, मग वारं फिरलं. जुलाना मतदारसंघात काँग्रेसची उमेदवार, कुस्तीपटू विनेश फोगाट घडीत पुढे, घडीत मागे. सहा मिनिटांत कुस्तीचा निकाल बघायची सवय असलेल्या माणसाला हे सोसत नाही. ती मागे पडली की मी घायकुतीला यायचो. राजकीय डेस्कवरचे एक ज्येष्ठ हसून म्हणाले, "अहो, केंद्रांच्या क्रमाने यंत्रं उघडतात. आता कुठली गावं मोजतायत ते बघा, आकडा नंतर बघा." तिचं सासर याच मतदारसंघातलं. हा हिशेब आम्ही खेळाडूच्या बाबतीत कधी मांडतच नाही.

खरी कुस्ती मथळ्यावरून झाली. राजकीय डेस्कला '100 ग्रॅम' हवे होते. 6 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या जपानच्या युई सुसाकीला हरवलं, एका दिवसात अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्या सकाळी वजन 50 किलोच्या वर शंभर ग्रॅम भरलं म्हणून बाद झाली. महिन्याभरात, 6 सप्टेंबरला, बजरंग पुनियासोबत ती काँग्रेसमध्ये गेली. ओघ सरळ दिसतो: पदक हुकलं, सहानुभूती मिळाली, तिकीट आलं.

मला ते पटत नव्हतं. नुसतं नाव आणि कुस्ती यावर मतं पडली असती, तर 'आप'ने जुलानातच उभ्या केलेल्या कविता दलाल यांनाही ती पडायला हवी होती. त्याही कुस्तीवाल्याच, डब्ल्यूडब्ल्यूईपर्यंत गेलेल्या. माझ्या मते विनेशचं राजकारण जानेवारी 2023 मध्ये जंतरमंतरवर सुरू झालं. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप झाले. त्यांनी ते फेटाळले. 28 मे रोजी नव्या संसदेकडे निघालेल्या मल्लांना पोलिसांनी फरफटत नेलं. वर्षअखेरीस खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार ती कर्तव्यपथावर ठेवून आली. सरकारशी इतकं उघड वैर घेतलेल्या खेळाडूला पक्ष शोधतच येतात, पदक असो वा नसो.

त्या शंभर ग्रॅमच्या मुळाशीही तेच वर्ष होतं, असं मला वाटतं. आंदोलन, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, तोवर 53 किलो गटातला कोटा, म्हणजे देशाची ऑलिंपिकची जागा, अंतिम पंघाल या दुसऱ्या मल्लाने मिळवलेला. म्हणून विनेश 50 किलोच्या गटात उतरली. शरीराने मोठ्या असलेल्या मल्लाला इतकं वजन तोडणं काय असतं, ते आमच्याकडे तालमीतलं पोरगंही सांगेल.

दुपारी निकाल आला. 65,080 विरुद्ध भाजपच्या योगेश बैरागींची 59,065; ती 6,015 मतांनी जिंकली. राज्य मात्र 48 जागांसह भाजपकडेच राहिलं. म्हणजे बाई आमदार झाल्या, पण विरोधी बाकावर. मथळ्यात अखेर 'जंतरमंतर ते विधानसभा' गेलं. शंभर ग्रॅमची चौकट आतल्या पानात ढकलली, तीही मीच लिहिली.

पुढे मार्च 2025 मध्ये तिने विधानसभेतच सरकारला पॅरिसनंतरच्या घोषणेची आठवण करून दिली: रौप्यपदक विजेत्याचा मान देऊ म्हणाला होतात, त्याचं काय? रोख चार कोटी, भूखंड किंवा सरकारी नोकरी, असे पर्याय पुढे आले. आमदाराला नोकरी काय कामाची! तिने रोख रक्कम घेतली. ती बातमी कुणाची यावर आमच्यात पुन्हा जुंपली. या खेपेला राजकीय डेस्क जिंकलं.